पंधरा वर्षांचं कलम : शार्लीन बार्शेफ्स्की आणि चीनचा डब्ल्यूटीओ करार

१५ नोव्हेंबर १९९९ रोजी बीजिंगमध्ये अमेरिका आणि चीन यांच्यात करार झाला. चीनने जागतिक व्यापार संघटनेत, म्हणजे डब्ल्यूटीओत, कोणत्या अटींवर यायचं ते त्यात ठरलं. अडीचशेच्या आसपास पानं. अमेरिकेच्या बाजूने हा करार घडवणाऱ्या शार्लीन बार्शेफ्स्की सहा वर्षांपूर्वीपर्यंत वॉशिंग्टनच्या एका लॉ फर्ममध्ये वकिली करत होत्या.

या कराराचा विषय निघाला की आयात शुल्काचे आकडे सांगितले जातात. मोटारींवरचं ८० ते १०० टक्के शुल्क २००६ पर्यंत २५ टक्क्यांवर आणायचं, औद्योगिक मालावरचं सरासरी शुल्क २४.६ वरून ९.४ टक्क्यांवर. आकडे मोठे आहेत, यात वाद नाही. पण त्या पानांत तीन कलमं अशी आहेत की ती लिहायला व्यापार कायद्यात मुरलेलाच माणूस लागतो. त्या कलमांचं पुढे काय झालं, हा या प्रकरणाचा खरा विषय. अशिलासाठी कलम लिहिणं आणि सरकारसाठी कलम लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे बार्शेफ्स्कींच्या कारकिर्दीइतकं ठळकपणे क्वचितच दिसतं.

आधीची अठरा वर्षं

बार्शेफ्स्की १९७५ मध्ये कायद्याच्या पदवीधर झाल्या आणि ‘स्टेप्टो अँड जॉन्सन’ या फर्ममध्ये लागल्या. तिथे अठरा वर्षं काढली, भागीदार झाल्या. काम आंतरराष्ट्रीय व्यापार कायद्याचं. ही वकिली कोर्टात गाजणारी नव्हे. परदेशी कंपनीने माल पडेल भावात विकला का, सरकारने छुपं अनुदान दिलं का, देशी उद्योगाचं नुकसान त्या आयातीमुळेच झालं का, असे हे प्रश्न. उत्तरं सापडतात ती कंपन्यांच्या खातेवह्यांत आणि वाणिज्य खात्याच्या प्रश्नावल्यांत. एका व्याख्येतला एक शब्द हलला की शुल्क शून्यावरून शंभर टक्क्यांवर जाऊ शकतं. अशा कामात माणसाला दोन सवयी लागतात: समोरच्याचा कागद त्याच्याहून जास्त बारकाईने वाचायचा, आणि ‘पुढे बघू’ असं कुठेही लिहून ठेवायचं नाही.

१९९३ मध्ये क्लिंटन प्रशासनात त्या व्यापार उपप्रतिनिधी झाल्या. व्यापार प्रतिनिधी म्हणजे अमेरिकेच्या वतीने इतर देशांशी व्यापाराच्या वाटाघाटी करणारं पद. त्या पदावर होते त्यांचे वरिष्ठ मिकी कँटर, तेही वकीलच. एप्रिल १९९६ मध्ये वाणिज्यमंत्री रॉन ब्राउन विमान अपघातात गेले, कँटर त्यांच्या जागी आले आणि व्यापार प्रतिनिधी कार्यालयाचा प्रभारी कारभार बार्शेफ्स्कींकडे आला.

कायम नेमणुकीच्या वेळी मात्र घोडं अडलं. डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेने लॉबिंगवर नवा कायदा केला होता. सिनेटर बॉब डोल यांच्या आग्रहाने त्यात एक तरतूद आली: ज्याने अमेरिकेविरुद्धच्या व्यापार वादात किंवा वाटाघाटीत परदेशी सरकारला सल्ला दिला असेल, त्याला व्यापार प्रतिनिधी होता येणार नाही. बार्शेफ्स्कींनी फर्ममध्ये असताना कॅनडाच्या सरकारचं काम केलं होतं. म्हणजे ज्या अनुभवामुळे त्या पदाला लायक, त्याच अनुभवामुळे अपात्र. शेवटी काँग्रेसने त्यांच्यापुरती सूट देणारा ठराव केला आणि मार्च १९९७ मध्ये सिनेटने ९९ विरुद्ध १ मतांनी नेमणुकीवर शिक्कामोर्तब केलं.

डोल यांच्या तरतुदीमागची शंका मला अगदीच गैरलागू वाटत नाही. पण वकिलाचा निष्ठेचा प्रश्न तिने चुकीच्या जागी शोधला असं वाटतं. जुना अशील कोण होता हे सहज कळतं, कागदावर असतं. अवघड प्रश्न नव्या अशिलाचा असतो. राष्ट्राध्यक्ष, काँग्रेस, वॉल स्ट्रीट, कापड गिरण्या, कामगार संघटना यांपैकी नेमकं कोणासाठी आपण बोलतोय? लॉ फर्ममध्ये वकीलपत्रावर एकच सही असते.

चीनशी त्यांची गाठ आधीच पडली होती. बौद्धिक संपदेच्या वादात १९९५ मध्ये शंभर कोटी डॉलर्सहून जास्त मालावर शुल्क लावायची धमकी देऊन करार झाला. तो पाळला जात नाही म्हणून १९९६ मध्ये दोनशे कोटींची धमकी, आणि जूनमध्ये पुन्हा समझोता. पहिला करार उत्तम लिहिलेला होता, तरी बनावट सीडींचे कारखाने चालूच राहिले. दुसऱ्या वेळी कागदावर सही व्हायच्या आधी पंधरा कारखाने प्रत्यक्ष बंद झाले. वकिलाने यातून काय घ्यायचं ते उघड आहे, आणि बार्शेफ्स्कींनी ते घेतलं असावं असं पुढच्या करारातल्या मुदतींवरून वाटतं.

एप्रिल १९९९

चीनने गॅटच्या, म्हणजे डब्ल्यूटीओच्या आधीच्या व्यापार कराराच्या, सदस्यत्वासाठी अर्ज केला तो जुलै १९८६ मध्ये. तेरा वर्षं वाटाघाटी चालू होत्या. हा सौदा दोन्ही बाजूंनी देण्याघेण्याचा नसतो, हे आधी लक्षात घ्यायला हवं. नव्याने येणारा देश सवलती देतो, आधीपासून आत असलेले देश फक्त मागतात. अमेरिकेला आपलं एकही शुल्क कमी करायचं नव्हतं. द्यायची होती ती एकच गोष्ट: चीनचा ‘सर्वाधिक पसंतीचा देश’ हा दर्जा, म्हणजे इतर देशांइतकंच कमी शुल्क, १९८० पासून दरवर्षी नव्याने मंजूर व्हायचा, तो कायमचा करायचा. ते मात्र काँग्रेसच्या हातात होतं. आणि याच काँग्रेसने क्लिंटन यांना व्यापार करारांसाठी जलद मंजुरीचा, म्हणजे दुरुस्त्या न सुचवता थेट मतदान घेण्याचा, अधिकार नाकारला होता.

एप्रिल १९९९ मध्ये चीनचे पंतप्रधान झू रोंगजी अमेरिकेला आले ते भरल्या हाताने. शेती, दूरसंचार, विमा, बँका, सगळीकडे त्यांनी अपेक्षेपेक्षा जास्त देऊ केलं होतं. दूरसंचार सेवांत परदेशी मालकी ५१ टक्क्यांपर्यंत चालेल, इथपर्यंत गोष्ट गेली होती. बाकी राहिलं होतं ते कापड, काही वित्तीय सेवा आणि संरक्षक कलमांच्या, म्हणजे आयात फार वाढली तर ती रोखू देणाऱ्या कलमांच्या, मुदती.

क्लिंटन यांनी सही केली नाही. महाभियोगातून सुटून दोनच महिने झाले होते, कोसोव्होत बॉम्बफेक चालू होती, चिनी हेरगिरीच्या बातम्या रोज येत होत्या. कामगार संघटना आणि कापड उद्योग यांना हा कागद दाखवला तर काँग्रेसमध्ये तो टिकणार नाही, असं व्हाइट हाउसमधल्या राजकीय आणि आर्थिक सल्लागारांचं म्हणणं पडलं. एप्रिलच्या त्या आठवड्यात वाटाघाटींचं टेबल बार्शेफ्स्कींच्या पाठीमागे होतं, समोर नव्हतं.

मग आणखी एक गोष्ट घडली. चीनने कबूल केलेल्या सवलतींची सतरा पानांची यादी व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने जाहीर करून टाकली. झू यांची मायदेशी चांगलीच पंचाईत झाली. देऊन बसले आणि हात हलवत परत आले, असं चित्र उभं राहिलं. दुसरीकडे अमेरिकन कंपन्यांनी ती यादी वाचली आणि एवढं मिळत असताना नाही कसं म्हणता, म्हणून व्हाइट हाउसला धारेवर धरलं. पाच दिवसांत क्लिंटन यांनी न्यूयॉर्कमध्ये असलेल्या झू यांना फोन करून बोलणी पुढे न्यायची इच्छा दाखवली. झू म्हणाले, आता बीजिंगला या.

ती यादी जाहीर करणं शहाणपणाचं होतं का? समोरच्याचं तोंड भाजणारी चाल होती, पण त्या यादीमुळे चीनला एप्रिलच्या खाली फारसं उतरता आलं नाही, हेही खरं. ‘फारसं’ म्हणायचं कारण पुढे येतं.

७ मे रोजी नाटोच्या बॉम्बनी बेलग्रेडमधला चिनी दूतावास उद्ध्वस्त झाला. बोलणी बंद. सप्टेंबरमध्ये ऑकलंडला एपेक या आशिया-पॅसिफिक देशांच्या आर्थिक परिषदेत क्लिंटन आणि चीनचे राष्ट्राध्यक्ष जियांग झेमिन भेटले, तेव्हा कुठे गाडी पुन्हा रुळावर आली.

बीजिंगमधले सहा दिवस

नोव्हेंबरमध्ये बार्शेफ्स्की बीजिंगला गेल्या तेव्हा सोबत जीन स्पर्लिंग होते, राष्ट्राध्यक्षांचे आर्थिक सल्लागार. या जोडीला महत्त्व आहे. एप्रिलमध्ये व्हाइट हाउसच पाठीशी उभं राहिलं नव्हतं. या वेळी व्हाइट हाउसचा माणूसच खोलीत होता. ‘वॉशिंग्टनला विचारून सांगते’ असं म्हणायची पाळी येऊ नये याची ती तजवीज.

१० तारखेला सुरू झालेली बोलणी दोन दिवसांत आटपायची होती. समोर मंत्री शी ग्वांगशेंग आणि मुख्य वाटाघाटीकार लाँग योंगतू. दिवस गेले, रात्री गेल्या, एक पाऊल पुढे आणि दीड पाऊल मागे. १३ तारखेला झू यांची भेट झाली, तरी गाठ सुटेना. अमेरिकन चमूने सामान बांधलं. परतीच्या विमानाची वेळ ठरली.

१५ तारखेच्या पहाटे जे झालं ते लाँग यांनी पुढे चिनी माध्यमांना सांगितलं आहे. बार्शेफ्स्कींचे सहकारी रॉबर्ट कॅसिडी यांनी सुचवलं की, आजवर ज्यावर एकमत झालंय तो सगळा मजकूर एकदा ओळीनं ओळ ताडून पाहू. लाँग यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: ज्यांना उठून जायचंय ते स्वल्पविराम तपासत बसत नाहीत. यांना सही करायची आहे. त्यांनी ते झू यांच्या कानावर घातलं आणि झू स्वतः व्यापार मंत्रालयात येऊन बसले. पंतप्रधानाने मंत्र्याच्या पातळीवरच्या बोलण्यांत उतरणं, हा त्या व्यवस्थेत मोठाच अपवाद.

मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. विमानतळाकडे निघालेल्या बॅगा ही चाल होती, आणि चाल म्हणून ती बरी होती. पण मजकूर ताडून पाहायची वकिली शिस्त त्या चालीच्या आड आली. दुसऱ्या बाजूला बसलेल्या मुरलेल्या माणसाने नेमकं तेच टिपलं.

लाँग यांच्या सांगण्यानुसार सात मुद्दे उरले होते. झू यांनी पहिल्या मुद्द्यांवर भराभर माघार घेतली. मंत्रिमंडळाने इतकं देण्याची मुभा दिलेली नाही, म्हणून लाँग चिठ्ठ्या सरकवू लागले. झू यांनी टेबलावर हात आपटून सांगितलं, चिठ्ठ्या बंद. मग अमेरिकनांकडे वळून म्हणाले, आम्ही दिलं, आता उरलेलं तुम्ही सोडा. बार्शेफ्स्की आणि स्पर्लिंग यांना क्लिंटन यांच्याशी बोलायचं होतं, ते तुर्कस्तानच्या दौऱ्यावर होते. चिनी मंत्रालयाच्या इमारतीत खासगीत बोलता येईल अशी जागा सापडेना, म्हणून दोघांनी बायकांच्या स्वच्छतागृहात जाऊन फोन लावला. होकार आला.

अमेरिकेने सोडलं काय? दूरसंचारातल्या ५१ टक्क्यांचे आधी ४९ आणि दोन वर्षांनी ५० झाले. आयुर्विम्यातही ५० वरच थांबलं. म्हणजे कंपनीचा ताबा गेला. वॉल स्ट्रीटला आणि दूरसंचार कंपन्यांना एप्रिलपेक्षा कमी मिळालं. मिळालं ते कापड गिरण्यांना आणि पोलाद कारखान्यांना, ज्यांच्यामुळे एप्रिलचा कागद अडला होता. अशील कोण, या प्रश्नाचं उत्तर मधल्या सात महिन्यांत बदललं होतं.

तीन मुदती

पहिलं कलम कापडाचं: चिनी कापडाची आयात एकाएकी वाढली तर २००८ अखेरपर्यंत कोटा लावता येईल. दुसरं कुठल्याही मालाचं: विशिष्ट चिनी वस्तूच्या आयातीने बाजार विस्कळीत होत असेल तर फक्त चीनवर, सदस्यत्वापासून बारा वर्षांपर्यंत, संरक्षक शुल्क. डब्ल्यूटीओच्या नेहमीच्या नियमात असं शुल्क सगळ्या देशांवर सारखं लावावं लागतं, आणि नुकसानही ‘गंभीर’ असावं लागतं. इथे दोन्ही अटी सैल केल्या होत्या.

तिसरं कलम पंधरा वर्षांचं, अँटी-डंपिंगचं. निर्यातदार घरच्या बाजारापेक्षा कमी भावात बाहेर विकत असेल तर फरकाइतकं शुल्क लावता येतं. पण चीनमधल्या किमती बाजाराने ठरलेल्या नाहीत, असं धरून चाललं तर तुलना कशाशी करायची? तिऱ्हाईत देशाच्या किमतींशी. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने अनेक वर्षं हा तिऱ्हाईत देश म्हणून भारत निवडला. चिनी कारखान्याने एका लाकडी पलंगाला लाकूड किती, मजुरीचे तास किती, वीज किती लावली हे त्याच्या वहीतून घ्यायचं, आणि भाव मात्र भारतातले लावायचे. जो खर्च येईल तो ‘रास्त’ भाव. ग्वांगडोंगच्या कारखानदाराला आपल्यावर किती टक्के शुल्क बसणार हे आधी कळायची सोयच नव्हती. व्यापाराची वकिली केलेल्या माणसालाच या पद्धतीची ताकद नीट ठाऊक असते. शुल्ककपातीच्या तक्त्यांपेक्षा ही पंधरा वर्षं मिळवणं जास्त मोलाचं होतं, असं माझं मत आहे.

बीजिंगहून परतल्यावर दोन आठवड्यांत बार्शेफ्स्की सिएटलला डब्ल्यूटीओच्या मंत्री परिषदेच्या अध्यक्ष होत्या. बाहेर रस्त्यांवर अश्रुधूर, आत विकसनशील देश संतापलेले. मोजक्या देशांच्या बंद खोलीतल्या बैठकांत सगळं ठरतंय, ही त्यांची तक्रार. त्यात क्लिंटन यांनी कामगार हक्कांसाठी व्यापारी निर्बंधांची भाषा केली, आणि भारताचे वाणिज्यमंत्री मुरासोली मारन यांच्यासारख्या मंत्र्यांना जी भीती होती ती खुद्द यजमानाच्याच तोंडून खरी ठरली. ३ डिसेंबरच्या रात्री परिषद काहीही न ठरता गुंडाळली गेली. अध्यक्ष आणि अमेरिकेची प्रतिनिधी या दोन टोप्या एकाच डोक्यावर होत्या. एका पक्षाची बाजू लढवणारा उत्तम वकील आणि मध्यस्थ ही कामं वेगळी आहेत, आणि तिथे ते सगळ्यांनी पाहिलं.

चीनचं काम मात्र पुढे सरकलं. २४ मे २००० रोजी प्रतिनिधीगृहाने २३७ विरुद्ध १९७ आणि सप्टेंबरमध्ये सिनेटने ८३ विरुद्ध १५ मतांनी कायमचा दर्जा मंजूर केला. बीजिंगमधल्या त्या तीन मुदती नसत्या तर प्रतिनिधीगृहातला फरक एवढा राहिला असता का, शंकाच आहे. ११ डिसेंबर २००१ रोजी चीन सदस्य झाला. बार्शेफ्स्की तोवर पद सोडून पुन्हा वकिलीत परतल्या होत्या.

कलमांचं पुढे काय झालं

बारा वर्षांच्या संरक्षक कलमाखाली अमेरिकन उद्योगांनी अर्ज केले. अमेरिकेच्याच आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने त्यांतल्या काहींत उपाययोजनेची शिफारसही केली. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्यांपैकी एकही मंजूर केला नाही. २००९ मध्ये ओबामा यांनी चिनी टायरांवर ३५ टक्के जादा शुल्क लावलं, तो पहिला आणि शेवटचा वापर. चीनने डब्ल्यूटीओत दाद मागितली, आणि २०११ मध्ये अपील मंडळानेही अमेरिकेच्या बाजूने निकाल दिला. कलम भक्कम होतं तर! २०१३ मध्ये मुदत संपली.

या मधल्या काळातच अमेरिकेच्या कारखानदारीतल्या नोकऱ्या कोसळल्या. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड ऑटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अंदाजानुसार १९९९ ते २०११ या काळात चिनी आयातीमुळे २० ते २४ लाख नोकऱ्या गेल्या. करार कच्चा होता, असा ठपका अनेकदा ठेवला जातो. मला तो अर्धाच पटतो. खासगी अशिलाचं नुकसान होत असतं आणि हातात असं कलम असतं, तर त्याने दुसऱ्या दिवशी दावा ठोकला असता. सरकारला मात्र त्याच आठवड्यात चीनकडून उत्तर कोरियाबद्दल काही हवं असतं, कर्जरोखे विकायचे असतात, स्वस्त टायर घेणारे मतदार सांभाळायचे असतात. कलम लिहिणारा वकील तोवर निघून गेलेला असतो.

कराराची खरी कच्ची बाजू वेगळी आहे. तंत्रज्ञान हस्तांतराची अट घालून गुंतवणुकीला परवानगी देणार नाही, हे चीनने सदस्यत्वाच्या मसुद्यात लिहून दिलं होतं. २०१८ च्या अमेरिकन चौकशी अहवालातली तक्रार अशी की, ही अट कागदावर नसतेच. अधिकारी तोंडी सुचवतो, भागीदार कंपनी सुचवते, परवाना मात्र अडून राहतो. लेखी नसलेल्या दबावाला लेखी कलमाने पकडायचं कसं, याला व्यापार कायद्याकडे फारसं उत्तर नाही.

पंधरा वर्षांचं कलम सर्वांत जास्त वापरलं गेलं आणि त्याच्याच मसुद्यात फट निघाली. सदस्यत्वाच्या दस्तऐवजातल्या कलम १५ मध्ये मुदत संपल्यावर एक विशिष्ट उपकलम रद्द होईल असं म्हटलं आहे. त्याच्या आजूबाजूचा मजकूर रद्द होईल असं म्हटलेलं नाही. चीनचं म्हणणं, ११ डिसेंबर २०१६ नंतर तिऱ्हाईत देशाच्या किमती बंद. अमेरिका आणि युरोपीय संघ यांचं म्हणणं, एक पायरी गेली, जिना शाबूत आहे. दुसऱ्याच दिवशी, १२ डिसेंबर २०१६ ला, चीनने दोघांविरुद्ध तक्रार नोंदवली. युरोपविरुद्धचा दावा पुढे गेला, पण जून २०१९ मध्ये चीननेच तो स्थगित करायला लावला, आणि वर्षभराने तो आपोआप बाद झाला.

बार्शेफ्स्कींच्या खुर्चीत तेव्हा रॉबर्ट लाइटहायझर होते. तेही व्यापार कायद्याचे वकील, पोलाद कंपन्यांची बाजू वर्षानुवर्षं लढवलेले. त्यांनाही २०१७ मध्ये डोल यांच्या त्याच तरतुदीतून सूट घ्यावी लागली, कारण कधीकाळी ब्राझीलचं काम केलं होतं. त्यांच्या कार्यालयाने जानेवारी २०१८ मध्ये काँग्रेसला कळवलं की, अशा अटींवर चीनला डब्ल्यूटीओत घ्यायला पाठिंबा देणं ही अमेरिकेची चूक होती. दोन वर्षांनी त्यांनी चीनशी जो ‘पहिल्या टप्प्याचा’ करार केला, त्यात पंच नाहीत, अपील नाही: तक्रार करायची, चर्चा करायची, आणि समाधान झालं नाही तर तक्रारदारानेच शुल्क लावायचं. चीनने २०० अब्ज डॉलर्सची जादा खरेदी कबूल केली होती. ती पुरी झाली नाही. त्या कलमाखाली अमेरिकेने कोणतंही शुल्क लावलं नाही.